तीच गोणी, वेगळं स्टेशन

सिमेंटची गोणी मुलुंडला उतरवा नाहीतर बदलापूरला, भावात फरक पडला तर तो टेम्पोच्या भाड्याचा. सळई तीच, ब्लॉक तेच, मोरबीहून आलेल्या टाइल्स त्याच. सेंट्रिंगवाला, प्लंबर, रंगारी दोन्हीकडे कामं घेतात. दोन्ही स्टेशनं एकाच रुळावर, मधलं अंतर पस्तीसेक किलोमीटर. तरीही मुलुंडला एक वन बीएचके घ्यायला जे पैसे लागतात, त्यात बदलापूरला तेवढेच मोठे तीन फ्लॅट सहज येतात आणि सोसायटीची ट्रान्स्फर फी भरूनही हातात काही उरतं.

मग मुलुंडच्या माणसानं जास्तीचे पैसे दिले ते कशाचे? भिंतींचे नक्कीच नाहीत. ‘जागेचे’ हे उत्तर तोंडावरच असतं, आणि बिल्डरही तेच सांगतो : काय करणार साहेब, जमीनच महाग पडली. ऐकायला पटतं. पण गोष्ट नेमकी उलटी आहे आणि ती उलटी आहे हे २०० वर्षांपूर्वी धान्याच्या भावावरून चाललेल्या भांडणात कळलं होतं. इंग्लंडमध्ये गहू महागला, तेव्हा जमीनदार खंड फार घेतात म्हणून गहू महाग, असा ओरडा होता. डेव्हिड रिकार्डोनं १८१७ मध्ये तो मुद्दा फिरवला : खंड जास्त म्हणून गहू महाग नाही, गहू महाग विकला जातो म्हणून जमीनदाराला जास्त खंड मागता येतो.

बिल्डर जमिनीची बोली लावायला बसतो तेव्हा कागदावर रिकार्डोच मांडतो, नाव ठाऊक नसलं तरी. इथे फ्लॅट काय भावानं जाईल, त्याला किती कार्पेट निघेल यानं गुणायचं. त्यातून बांधकाम, पालिकेचे प्रीमियम, कर्जाचं व्याज, दलाली आणि स्वतःचा नफा वजा करायचा. खाली जी रक्कम राहते तेवढी जमीनवाल्याला देता येते. बांधकामाचा आकडा मुलुंड असो वा बदलापूर, फारसा हलत नाही. त्यामुळे फ्लॅटच्या भावातला सगळा चढउतार त्या शेवटच्या ओळीवर, म्हणजे जमिनीवर जाऊन आदळतो. बदलापुरातल्या एखाद्या गुंठ्याचा भाव ठरवणारी माणसं मुंबईच्या फोर्टात बसलेली असतात. त्यांनी तो गुंठा पाहिलेला नसतो. संध्याकाळी किती वाजता घरी पोचलेलं चालेल, एवढंच त्यांनी ठरवलेलं असतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला विश्वासच बसेना. लाखो अनोळखी माणसं आपापल्या सोयीनं घरं शोधतात, कुणी कुणाला विचारत नाही, आणि त्यातून भावांचा एक उतार तयार होतो, ठाण्यापासून कर्जतपर्यंत. उत्तर जर्मनीतल्या योहान फॉन थ्यूनेन नावाच्या जमीनदारानं १८२६ मध्ये हा उतार कागदावर मांडला होता. स्वतःच्या शेतीचा जमाखर्च काटेकोर लिहिणारा हा गृहस्थ. त्यानं सपाट प्रदेशाच्या मधोमध एक शहर कल्पिलं आणि भोवती काय पिकेल ते हिशेबानं काढलं. शहराला लागून दूध आणि भाजी, कारण ती नासते. दुसऱ्या वर्तुळात जंगल, कारण तेव्हा सरपण लागायचं आणि ते वाहून आणायला जड. पुढे धान्य, सगळ्यांत लांब गुरं, कारण ती स्वतःच्या पायांनी बाजारात येतात. ज्याला अंतर सर्वांत जास्त बोचतं तो जवळच्या जमिनीला सर्वांत जास्त मोजतो. विल्यम अलोन्सोनं १९६४ मध्ये हीच वर्तुळं शहरातल्या घरांना लावली. भाजीच्या जागी माणसं आली, बाकी गणित तेच.

मुंबईत एक गंमत आहे. इथे वर्तुळं पडतच नाहीत. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे चिंचोळी जमीन आणि तिच्यावर रूळ. १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, वर्षभरानं ती कल्याणला पोचली, आणि शहर कुठल्या बाजूला लांबणार हे ठरून गेलं. शिवाय लोकलचं तिकीट इतकं स्वस्त, सेकंड क्लासचं किमान भाडं ५ रुपये, की अंतराची किंमत पैशात मोजण्यात अर्थच नाही. ती मोजायची मिनिटांत. आणि मिनिटं किलोमीटरच्या हिशेबानं चालत नाहीत, म्हणून उताराला पायऱ्या पडतात. कधी तर उतार चक्क उलटा वर चढतो.

दिव्याचंच बघा. दिवा स्टेशन मुंबईहून येताना डोंबिवलीच्या आधी लागतं, पाचेक किलोमीटर अलीकडे. नियमानं दिवा महाग हवं. वर्षानुवर्षं ते डोंबिवलीपेक्षा स्वस्त राहिलं आहे. त्याच्या कारणांतलं एक कारण चक्क डोंगरात आहे. ठाण्याच्या पुढे पारसिकच्या डोंगरातून सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा खणून १९१६ मध्ये गाड्यांसाठी जवळचा रस्ता काढला. स्लो गाड्या जुन्या मार्गानं कळवा, मुंब्रा घेत राहिल्या, फास्ट गाड्या बोगद्यातून सुटून थेट दिव्यापाशी बाहेर पडू लागल्या. बाहेर पडल्या, पण थांबल्या नाहीत. शतकभर दिवेकर प्लॅटफॉर्मवर उभे राहून फास्ट लोकलचा वारा खात होते. २०१५ च्या २ जानेवारीला सकाळी गाड्यांचा खोळंबा झाला आणि तिथे रेल रोको भडकला, दगडफेक, जाळपोळ झाली. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये काही फास्ट लोकल दिव्याला थांबू लागल्या. रेल्वेच्या टाइमटेबलमधल्या एका ओळीत घराघरांचे पैसे कसे अडकलेले असतात, ते इथे दिसतं.

डोंबिवलीच्या बाजूनं त्याच टाइमटेबलची दुसरी ओळ होती. फास्टला थांबा तर होताच, शिवाय डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकल. सुटणारी लोकल म्हणजे बसायला जागा, आणि तासभर बसून जाणं किंवा तासभर एका पायावर लोंबकळणं यांतला फरक कुठल्या ब्रोशरमध्ये छापलेला नसतो, तरी तो भावात असतो. दिव्याची, कोपरची माणसं सकाळी आधी उलट्या दिशेनं डोंबिवलीला येतात, ‘डाउन करून’ येतात, त्याच गाडीत खिडकी धरून बसतात आणि मग मुंबईला निघतात. दहा-पंधरा मिनिटं जास्तीची देऊन बसायची जागा विकत घेतात म्हणा ना. डोंबिवलीच्या फ्लॅटवाल्यानं हीच जागा एकदाच, घराबरोबर घेतलेली असते.

स्टेशनबाहेर पडलं की उतार पुन्हा सुरू. ईस्ट की वेस्ट, शेअर रिक्षाची लाइन किती लांब, पावसात कुठे पाणी तुंबतं, टँकर लागतो का. जाहिरातीत ‘स्टेशनपासून ७ मिनिटं’ असतं. ही मिनिटं बहुधा मध्यरात्री, रिकाम्या रस्त्यावरून पळत मोजलेली असावीत. उभा उतारही आहे, आणि तो तर एका यंत्रानं उलटा केला. डोंबिवलीतल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतींत सगळ्यांत वरचा मजला सगळ्यांत स्वस्त : जिने चढा, उन्हाळ्यात गच्चीची आग सोसा, पावसाळ्यात गळती. शेजारी टॉवर उभा राहिला, त्यात लिफ्ट आली, आणि आता वरचा मजला सगळ्यांत महाग. मजल्यामागे चौरस फुटाला इतके रुपये जास्त असा ‘फ्लोअर राइज’ लागतो.

इथवर वेळेची गोष्ट झाली. पण दिवा स्वस्त असण्याचं दुसरं कारण कागदाचं आहे, आणि मला विचाराल तर भावातला हा भाग सगळ्यांत कमी लेखला जातो. दोन फ्लॅट शेजारी आहेत, सारख्या आकाराचे. एकाला भोगवटा प्रमाणपत्र आहे, बँक कर्ज देते. दुसऱ्याची इमारत बिनपरवाना आहे, बँक तोंड फिरवते. दुसऱ्याला गिऱ्हाईक कोण? ज्याच्याकडे सगळे पैसे रोख आहेत असा, म्हणजे गावची जमीन विकलेला, पीएफ काढलेला, सोनं मोडलेला माणूस. असे खरेदीदार थोडे, त्यांचे पैसेही थोडे, म्हणून भाव खाली. स्वस्त मिळालं असं ज्याला वाटतं त्यानं खरं तर इमारत पडण्याची जोखीम विकत घेतलेली असते.

कधी कधी ही जोखीम लपवलेली असते, तेव्हा गणित फार क्रूर होतं. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारती अशा निघाल्या की ज्यांच्या बांधकाम परवानग्याच बनावट होत्या आणि त्या बनावट कागदांवर महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची, नोंदणीही मिळालेली होती. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितल्या. तिथल्या लोकांनी कागद बघितलेच नव्हते असं नाही. रेरा नंबर बघून घरं घेतली होती.

अशा कागदांच्या गर्दीत एक कागद मात्र मला अजब वाटतो. घर नोंदलं गेलं की सूची क्रमांक २ तयार होते, सगळे तिला इंडेक्स टू म्हणतात. मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर ती कुणालाही काढता येते. शेजाऱ्यानं घर केवढ्याला घेतलं हे चहाच्या कपावर तो कितीही फुगवून सांगो, इथे आकडा नोंदलेला आहे. (काळ्या पैशाचा भाग अर्थातच यात नाही, तेवढी सूट द्यायची.) पान साधंच. पहिल्या रकान्यात विलेखाचा प्रकार, खाली मोबदला, म्हणजे प्रत्यक्ष ठरलेली किंमत. त्याखाली बाजारभाव, म्हणजे सरकारच्या रेडी रेकनरप्रमाणे निघणारी किंमत. दोहोंत जी जास्त तिच्यावर मुद्रांक शुल्क. मग भूमापन, पोटहिस्सा, घर क्रमांक, चौरस मीटरमध्ये क्षेत्रफळ, लिहून देणारे, लिहून घेणारे, तारखा, शेवटी शेरा. आणि सगळ्यांत वर, ठळक : गावाचे नाव. डोंबिवलीत विसाव्या मजल्यावर, तीन लिफ्ट आणि जिम असलेल्या टॉवरमधला फ्लॅट, पण गाव कोणतं? आयरे. नाहीतर चोळे. नाहीतर गजबंधन पाथर्ली. शेतसारा वसूल होत होता तेव्हाची गावं अजून तिथेच आहेत, टॉवर त्यांच्या सर्व्हे नंबरांवर उभे आहेत.

ही गावं शहरात कशी ओढली गेली, त्याची सुरुवात डोंबिवलीत नाही, गिरगावात आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली, म्हणून ती १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्ध संपलं, १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला आणि गोठवलेली भाडी तशीच राहिली. काही रुपयांच्या भाड्यात मालक इमारत दुरुस्त करेना, नवी भाड्यानं द्यायला तर बांधेचना. भाड्याच्या खोलीचा धंदा आटला आणि मध्यमवर्गीय माणसाला घर हवं तर ते विकत घेण्यावाचून मार्ग उरला नाही. विकत घेण्याइतके पैसे पुरतील अशी जागा कुठे? रुळाच्या पुढच्या टोकाला. गिरगाव-दादरच्या चाळीतली खोली पागडीवर सोडायची, आलेल्या पैशांत डोंबिवलीला मालकीचा फ्लॅट घ्यायचा, हा मराठी कुटुंबांचा ठरलेला प्रवास झाला. बरोबर नाटक मंडळी, वाचनालयं, लेखक सगळंच आलं, पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे डोंबिवलीकरच. जनगणनेत हा प्रवास आकड्यांत दिसतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली उतरली. त्याच जनगणनेत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर पोचून देशात सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला.

त्या कायद्याची एक शेपटी अजून वळवळते आहे. मालकांनी भाडेकरू नको म्हणून ‘लीव्ह अँड लायसन्स’ची पळवाट काढली होती. १९७३ मध्ये कायदा बदलला आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला लायसन्सवर राहत असलेला माणूस एका रात्रीत संरक्षित भाडेकरू झाला. मालकांनी याचा असा धसका घेतला की फ्लॅट रिकामा ठेवू पण कुणाला घुसू देणार नाही, ही वृत्ती पुढच्या पिढीतही उतरली. २०११ च्या जनगणनेत मुंबईत पावणेपाच लाखांहून जास्त घरं रिकामी आढळली. १९९९ च्या नव्या कायद्यानं लायसन्सवाल्या मालकाला बरंच संरक्षण दिलं, तरी करार अकरा महिन्यांचाच करायची सवय सुटलेली नाही. काही जण भाड्याऐवजी ‘हेवी डिपॉझिट’ घेतात. मोठी रक्कम एकरकमी द्या, भाडं नाममात्र, सोडताना रक्कम परत. भाडेकरू मालकाला बिनव्याजी कर्ज देतो आणि व्याजाच्या बदल्यात राहतो.

भाडं आणि किंमत शेजारी ठेवली की आणखी एक नवल दिसतं. मुंबईच्या पट्ट्यात वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या तीनेक टक्क्यांच्या आसपास असतं; बँकेतल्या मुदत ठेवीवर याहून जास्त मिळतं. मग लोक गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतात ते कसल्या जोरावर? भाडं म्हणजे आज त्या घरात राहण्याची किंमत. वरचं सगळं उद्याचं : पूल होईल, मेट्रो येईल, भाव चढेल. उपनगर जितकं दूर तितका भावात या उद्याचा वाटा मोठा.

लोक किमतीला किती तातडीनं हलतात हे मोजायची संधी क्वचित मिळते. करोनाच्या वर्षात ती मिळाली. राज्य सरकारनं २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरसाठी मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं, पुढच्या तीन महिन्यांसाठी दोन टक्क्यांनी. पन्नास लाखांच्या घरावर दीड लाख वाचणार. लॉकडाउनमध्ये पगारकपात झालेल्या शहरात त्या डिसेंबरात एकट्या मुंबईत एकोणीस हजारांहून जास्त दस्त नोंदले गेले. निबंधक कार्यालयांवर इतकी गर्दी की ३१ डिसेंबरपर्यंत शुल्क भरा, नोंदणी चार महिन्यांत करा, अशी सोय सांगावी लागली. जी घरं सहा महिने ‘बघू, विचार करू’वर अडली होती ती एका तारखेनं सुटली. सिमेंटचा भाव तेवढाच होता, लोकलचा वेळ तेवढाच.

आता पुन्हा बिल्डरच्या कागदाकडे, कारण तिथली शेवटची ओळ सध्या सगळ्या लाइनीवर दिसते आहे. रिडेव्हलपमेंट म्हणजे जुनी इमारत पाडून सभासदांना जास्त मोठी घरं ‘फुकट’ मिळणं. कुणी फुकट देत नाही हे उघड आहे, पण पैसे येतात कुठून? समजा सोळा घरांची इमारत आहे, घर ४०० फूट कार्पेट. नव्या नियमांत एकूण १४,००० फूट बांधता येतं. सभासदांना तीस टक्के वाढवून ५२० फूट दिलं, तर त्यातच ८,३२० फूट गेलं. विकायला उरलं ५,६८०. बांधकाम, प्रीमियम, सभासदांचं दोन-तीन वर्षांचं भाडं, सगळं धरून फुटाला ६,००० खर्च समजा, म्हणजे आठ कोटी चाळीस लाख. हे सगळे पैसे त्या ५,६८० फुटांतून काढायचे, तर फुटाला जवळपास पंधरा हजार आलेच पाहिजेत आणि तेही नफा धरायच्या आधी. जिथे वीस हजारांचा भाव आहे तिथे बिल्डर सोसायटीच्या मीटिंगला पेढे घेऊन येतो. जिथे आठ हजारांचा आहे तिथे पाच पत्रं लिहून एक येत नाही, मग इमारतीच्या पिलरमधल्या सळया बाहेर दिसत असल्या तरी.

आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, पण उंबरठा खरा आहे. तो ओलांडला जातो तसं रिडेव्हलपमेंट रुळावरून पुढे सरकतं. पार्ल्यात, मुलुंडला ते केव्हाच आलं. २०२० च्या डिसेंबरात मुंबईबाहेरच्या बहुतेक शहरांना एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, बांधायचे चौरस फूट वाढले, आणि डोंबिवलीतल्या स्टेशनजवळच्या जुन्या सोसायट्यांमध्येही ‘कॉर्पस’, म्हणजे घराशिवाय वर रोख रक्कम, किती देणार ही चर्चा सुरू झाली. बदलापूरमधली तेवढीच जुनी इमारत मात्र थांबून आहे. तिच्या सभासदांचं काही चुकलेलं नाही, ते फक्त उंबरठ्याच्या पलीकडच्या स्टेशनवर राहतात.

आणि हा उंबरठा आता कोण हलवणार? खाडीवरचे पूल, ऐरोलीच्या बाजूचा बोगदा, ठाण्याहून भिवंडीमार्गे कल्याणला आणि कल्याणहून तळोज्याला जायची मेट्रो. कामं चालू आहेत, पण भाव त्यांची वाट बघत थांबलेला नाही. नकाशा जाहीर झाला त्या दिवसापासून ब्रोशरवर मेट्रोचं चित्र आहे आणि जमीनवाल्याची मागणी वाढलेली आहे. सरकारलाही हे कळतं. म्हणून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथे २०२२ च्या एप्रिलपासून घरखरेदीवर एक टक्का मेट्रो अधिभार लागतो. तो भरतो कोण? घर घेणारा. मेट्रो येणार म्हणून चढलेला भाव त्यानं आधीच मोजलेला असतो, त्यावर मेट्रो बांधायला पैसे हवेत म्हणून हा टक्का. ज्याच्या जमिनीचा भाव नुसत्या नकाशानं वाढला त्याच्या नावे असं चलन निघत नाही.